दोन हप्त्यांचे घर

मुंबईत कुणी घर घेतले की आपला पहिला प्रश्न असतो, ‘केवढ्याला पडले?’ दुसरा असतो, ‘स्टेशनपासून किती लांब?’ तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर सांगणाऱ्यालाही नको असते आणि ऐकणाऱ्यालाही. ‘कामावर जायला-यायला रोज किती तास मोडणार?’ हा तो प्रश्न. वास्तविक याचे उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, विरार या पट्ट्यातले घर दादरच्या घरापेक्षा स्वस्त, असे आपण म्हणतो तेव्हा आपण केवळ बँकेचा हप्ता मोजलेला असतो. त्या घराचा दुसरा हप्ता रेल्वेच्या डब्यात, उभ्याने, रोज भरावा लागतो. बँकेचा हप्ता वीस वर्षांनी फिटतो. हा दुसरा मात्र निवृत्तीच्या दिवसापर्यंत चालू राहतो.

हिशेब साधा आहे. घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत एका बाजूने दोन तास धरा. बदलापूरहून किंवा विरारहून दक्षिण मुंबईत येणाऱ्याला हा आकडा फुगवलेला वाटणार नाही. घरापासूनची रिक्षा, पुलावरची रेटारेटी, गाडीची वाट आणि शेवटची बस किंवा पायपीट त्यात आली. दिवसाचे चार तास झाले. वर्षाचे कामाचे दिवस २८० धरले तर १,१२० तास होतात. आठ तासांच्या कामाच्या दिवसांत मोजायचे तर हे १४० दिवस. म्हणजे तीस वर्षे नोकरी करणारा माणूस आणखी पंधरा वर्षांच्या नोकरीइतका वेळ नुसता नोकरीवर जाण्यायेण्यात घालवतो. या पंधरा वर्षांना पगार नाही, फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. मी डोंबिवलीहून फोर्टात जाणारा, तेव्हा या हिशेबात सुखवस्तूच म्हणायचा. माझे तास तीनच भरतात.

घरांची टंचाई आणि गाड्यांची गर्दी हे दोन निराळे प्रश्न आहेत, असे समजून आपण पिढ्यान्‌पिढ्या दोन निराळ्या खिडक्यांवर निराळे अर्ज करत आलो. घरासाठी म्हाडा, गाडीसाठी रेल्वे. माझे म्हणणे असे, की हा एकच प्रश्न आहे आणि तो एकच आहे हे मान्य न केल्यामुळेच दोन्ही खिडक्यांवर आपल्या पदरी काही पडत नाही. कामाजवळ घर द्यायचे नाही असे ठरले की माणसे लांब जाणार. माणसे लांब गेली की गाडी अपुरी पडणार. गाडी कितीही वाढवली तरी त्या वाटेवर आणखी लांबची घरे विकली जाणार. या चक्राला सुरुवात घरापासून होते.

हे नेहमीच असे नव्हते. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली, तेव्हा सरकारला कामकऱ्यांच्या वस्तीचा विचार करणे भाग पडले. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामायिक संडास, एका खोलीत आठ-दहा माणसे आणि पाळीपाळीने झोपणे. या जगण्याला सुवर्णकाळ म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. ज्यांनी ते भोगले त्यांना ते विचारावे. पण एक गोष्ट त्या काळच्या राज्यकर्त्यांना आणि गिरणीमालकांना कळत होती, की भोंगा वाजल्यावर माणूस चालत गिरणीच्या दारात पोचला पाहिजे. लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड ही वस्ती या एका गरजेतून वाढली. कामगाराकडे जागा नव्हती, पण त्याच्या पदरात त्याचे तास होते. त्या तासांतून भजनी मंडळे निघाली, व्यायामशाळा निघाल्या, नाटके झाली, युनियन उभ्या राहिल्या. गिरणगावची संस्कृती म्हणून आज ज्याचे कौतुक होते ती चालत कामावर जाणाऱ्या माणसांच्या उरलेल्या वेळाची कमाई होती.

मग बिघडले कुठे? पहिली गाठ १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याची. महागाईत भाडेकरू रस्त्यावर येऊ नये हा हेतू रास्तच होता. पण १९४० च्या पातळीवर गोठवलेली भाडी दशकानुदशके तशीच राहिली, तेव्हा मालकांनी दुरुस्ती सोडली आणि भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे जवळजवळ थांबले. पागडी सुरू झाली. १९६९ मध्ये मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला, तेव्हा बेट शहरात उपकर लागू झालेल्या इमारती १९ हजारांवर होत्या. नवा भाडे कायदा १९९९ चा. तो २००० साली अमलात आला. तोपर्यंत दोन पिढ्यांनी एकच धडा घेतला होता, की मुंबईत राहायचे तर घर विकत घेतलेच पाहिजे. ज्या शहरात साधी भाड्याची खोली मिळत नाही, तिथे नव्याने नोकरीला लागलेल्या पोराने काय करावे? त्याने गाडीचा नकाशा उघडावा आणि आपला खिसा जिथे पुरेल त्या स्टेशनवर बोट ठेवावे. आपल्याकडे लग्न ठरवताना ‘मुलाची स्वतःची जागा आहे का?’ हा प्रश्न जो येतो, तो या कायद्याचा नातू आहे.

दुसरी गाठ गिरण्यांच्या जमिनीची. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. मागे उरली ती शहराच्या मध्यावरची, दोन्ही रेल्वेमार्गांच्या कुशीतली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक मालकाला, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी आणि एक म्हाडाला घरांसाठी. २००१ मध्ये नियमाचा अर्थ बदलला. वाटणी फक्त मोकळ्या भूखंडाची, ज्यावर बांधकाम उभे आहे त्या जमिनीची नाही. गिरणीच्या आवारात मोकळे ते किती असणार? मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. न्यायालयाचा निकाल शिरसावंद्य. पण कायदेशीर झालेली प्रत्येक गोष्ट शहाणपणाची असते असे नाही. शंभर वर्षांतून एकदा एखाद्या शहराला आपल्या पोटात इतकी जमीन मोकळी मिळते. आपण तिच्यावर मॉल, कचेऱ्या आणि मनोरे बांधले. त्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांनी राहायचे कुठे, हा विचार कुठल्याच नकाशावर नव्हता.

आणि त्या कचेऱ्यांतली माणसे उतरणार कुठे, तर गिरणी कामगारांच्या काळातल्या स्टेशनांवर. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसे चेंगरून मेली. पाऊस आला होता, पूल अरुंद होता, अफवा पसरली, अशी कारणे तेव्हा सांगितली गेली. ती खरीच होती. पण त्या पुलाच्या दोन्ही बाजूंना आपण वीस वर्षांत किती लाख चौरस फुटांच्या कचेऱ्यांना परवानगी दिली आणि पूल तेवढाच का ठेवला, हे कुणी कुणाला विचारले? बांधकामाची परवानगी देणारे खाते निराळे, पूल बांधणारे निराळे. दुर्घटनेनंतर लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल उभा केला. स्टेशनचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. प्रश्नाचे नाव मात्र तेच राहिले.

या गोष्टीचा पुढचा अंक अधिक बोलका आहे. गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरे द्यायची म्हणून दीड लाखाच्या वर अर्ज आले. त्यांतल्या मोठ्या संख्येला घरे देऊ केली गेली ती शेलू आणि वांगणी येथे. कर्जतच्या वाटेवर, बदलापूरच्याही पुढे. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात ही माणसे जमली ती याला नकार द्यायला. ‘फुकटात नाही तर स्वस्तात मिळतेय, तरी तक्रार?’ असे म्हणणारे शहाणे तेव्हाही भेटले. ज्या माणसाचा आजा चालत गिरणीत जात होता, त्याच्या नातवाला दिवसाचे चार-पाच तास गाडीत घालवण्याची अट घालून घर देणे ही भरपाई म्हणायची की हद्दपारी? त्या कामगारांनी दोन हप्त्यांचा हिशेब आपल्या नियोजनकारांपेक्षा अचूक केला होता.

जनगणनेचे आकडे हेच सांगतात. २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटाची, लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. मनोरे वर जात असताना माणसे कमी झाली. त्याच २०११ मध्ये अखंड ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर जाऊन देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता. त्याच गणनेत बृहन्मुंबईत पावणेपाच लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली आणि जवळजवळ चाळीस टक्के माणसे झोपडपट्टीत. जागा नाही, हे मुंबईचे जुने पालुपद या आकड्यांपुढे टिकत नाही. जागा आहे, ती राहण्यासाठी नसून ठेवण्यासाठी आहे, एवढेच.

झोपडपट्टीबद्दल मध्यमवर्गाचा राग मला ठाऊक आहे. कर आम्ही भरायचे आणि जागा त्यांना फुकट, ही आमच्या डब्यातली नेहमीची चर्चा. पण जरा तासांचा हिशेब त्यांनाही लावून पाहा. धुणीभांडी करणारी बाई, वॉचमन, गवंडी, भाजीवाला यांचा दिवस पहाटे सुरू होतो आणि रात्री उशिरा संपतो. त्याला चार तासांचा प्रवास परवडतच नाही. म्हणून तो जागा सोडतो आणि जवळीक धरतो. आपण उलटे करतो. जवळीक सोडतो आणि दोन खोल्या जास्त घेतो. दोघांनाही शहराने एकच सौदा पुढे केलेला आहे: जागा घे नाहीतर वेळ घे, दोन्ही मिळणार नाहीत. दोन्ही मिळतात ते मोजक्यांना, आणि त्यांच्या गाड्या ठेवण्यासाठी मनोऱ्यांचे खालचे कित्येक मजले राखलेले असतात.

आता गाडीकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हापासून या शहराचा गाडा रेल्वे ओढते आहे, याबद्दल तिचे उपकार मानलेच पाहिजेत. इतक्या कमी भाड्यात इतकी माणसे नेणारी व्यवस्था जगात फार नाहीत. पण गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात. याला रेल्वेच्या परिभाषेत खास शब्द आहे. जी अवस्था लाजिरवाणी म्हणून संपवायची, तिला नाव देऊन आपण कोष्टकात बसवली. रुळांवर आणि गाडीतून पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे या उपनगरी मार्गांवर मरतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकणारे प्रवासी खाली पडून मेले, तेव्हा लोकलला आपोआप मिटणारी दारे बसवण्याची घोषणा झाली. दारे अवश्य बसवा. पण दार मिटल्यावर जी माणसे फलाटावर राहतील, त्यांनी कोणत्या गाडीने जायचे? ती हौसेने लटकत नव्हती. मस्टरवर लाल रेघ पडू नये म्हणून लटकत होती.

आमच्या मार्गावर बसायला जागा मिळावी म्हणून माणसे आधी उलट दिशेच्या गाडीत चढतात, शेवटच्या स्टेशनला जातात आणि त्याच गाडीतून परत येतात. याला आम्ही ‘डाउन करून येणे’ म्हणतो. एका सीटसाठी अर्धा तास जादा मोजायचा. कळवा-मुंब्र्याच्या प्रवाशाला हाही मार्ग नाही. त्याच्यापर्यंत गाडी येते तीच भरून. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका पूर्ण व्हायला फेब्रुवारी २०२२ उजाडले. तोवर तिच्यावर धावायच्या गाड्यांपेक्षा तिच्या कडेच्या इमारती पुढे निघून गेल्या होत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या गाडीच्या जागी वातानुकूलित गाडी सोडली म्हणून कळवा आणि बदलापूर येथे लोक चिडून उठले. थंड हवेला त्यांचा विरोध नव्हता. वेळापत्रकातली जागा एकच असते; ती ज्याला महाग पास परवडतो त्याला दिली, तर बाकीच्यांनी मागच्या गाडीत दुप्पट होऊन शिरायचे, हे त्यांना नको होते.

आणि बेस्ट? ट्राम गेली ३१ मार्च १९६४ ला. त्यानंतर लाल बसने या शहराला गल्लीपर्यंत पोचवले. विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरण्याची जुनी सोय बंद झाली आणि बेस्टची रया गेली. एके काळी चार हजारांहून अधिक बस होत्या, त्या २०२५ मध्ये तीन हजारांच्या आत आल्या. त्यांतल्याही बहुसंख्य कंत्राटदारांच्या. बेस्टच्या स्वतःच्या काहीशेच. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपये केले, ते मे २०२५ मध्ये दहा केले. भाडे वाढले याचे मला एवढे दुःख नाही. दहा रुपये देऊनही बस कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही, याचे आहे. स्टेशन ते कचेरी ही दोन-तीन किलोमीटरची वाट बसच्या भरवशावर काढता आली नाही, की दुसऱ्या हप्त्यात आणखी अर्ध्या तासाची भर पडते.

याच काळात पैसा नव्हता असे म्हणता येणार नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये झाला, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये, किनारी रस्ता त्याच मार्चपासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. या रस्त्यांवर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत. समुद्राला बांध घालून केलेली ही वाट कुणासाठी, हे यावरूनच कळावे. मेट्रोबद्दल मात्र मी कुरकुर करणार नाही. आरे ते कफ परेडची ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण धावू लागली, ही मोठी गोष्ट आहे. पण तिचाही धडा घ्यावा. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या नियोजनाचे काम महानगर प्राधिकरणाकडे आले १९७७ मध्ये. तिथे पोचणारी मेट्रो आली ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधली सत्तेचाळीस वर्षे वांद्रे आणि कुर्ला स्टेशनांबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत गेली.

नवी मुंबईचेही तेच. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे जुळे शहर सुचवले. कामे आणि माणसे दोन्ही तिकडे न्यावीत, म्हणजे मुंबईवरचा भार हलका होईल, अशी कल्पना. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पण सरकारने स्वतः मंत्रालय हलवले नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कचेऱ्यांना आणखी जागा करून दिली. वाशीला गाडी पोचली १९९२ मध्ये. बावीस वर्षे घरे होती आणि गाडी नव्हती. पुढे वाशी, नेरूळला कामे आली, पण तोपर्यंत रोज सकाळी खाडी ओलांडण्याची सवय एका पिढीच्या अंगी मुरली होती.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. सगळ्यांना दादरला राहायचे असेल तर कसे जमेल? जमणार नाही, हे मलाही कळते. शहर वाढणार ते लांबच वाढणार. पण मग कामे आणि गाडी घरांच्या आधी गेली पाहिजेत, मागाहून नव्हे. सिंगापूरने १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ काढले, १९८७ मध्ये मेट्रो सुरू केली आणि आज तिथली सुमारे ऐंशी टक्के जनता सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत राहते. तिथली राज्यपद्धती आपल्याला मानवणारी नाही, ते शहरही लहान आहे. परंतु वसाहत कुठे होणार आणि गाडी कुठून जाणार हे दोन नकाशे एकाच टेबलावर ठेवायला हुकूमशाही लागत नाही.

आपल्याकडेही हे होऊ शकते याचा पुरावा वरळीतच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना त्याच जागी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. उंच इमारतीचा देखभाल खर्च पुढे झेपेल का, ही त्यांची काळजी खरी आहे. पण सरकारने ठरवले तर साधी माणसे शहराच्या मध्यावर राहू शकतात, हे तिथे दिसले.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. सरकारी किंवा सवलतीच्या कोणत्याही गृहयोजनेच्या जाहिरातीत किमतीच्या शेजारी जवळच्या मोठ्या कामाच्या ठिकाणापर्यंत, गर्दीच्या वेळी, दारापासून दारापर्यंत लागणारे तास छापणे सक्तीचे करा. बंदराच्या, रेल्वेच्या, बेस्ट डेपोंच्या ज्या जमिनी सार्वजनिक मालकीच्या उरल्या आहेत, त्यांवर विकण्यासाठी काही बांधू नका. नोकरीच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांसाठी भाड्याने देता येतील अशी लहान घरे बांधा. मोठ्या रस्त्यांवर एक पट्टा बससाठी राखा. त्याला समुद्र बुजवावा लागत नाही, थोडा रंग आणि थोडे धैर्य लागते. आणि नव्या वसाहतीला परवानगी देणाऱ्याच्या सहीशेजारी ती माणसे नेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची सही असू द्या. मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबई महापालिकेत लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. तेवढ्या काळात शहराचे केवढे मोठे निर्णय झाले! सही कुणाची आहे हेच ठाऊक नसेल, तर जाब कुणाला विचारणार?

मुंबईकराच्या सोशिकपणाचे कौतुक पुष्कळ झाले. पूर आला, स्फोट झाले, तरी दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला, असे आपण अभिमानाने सांगतो. तो गेला कारण न जाऊन भागत नव्हते. त्याच्या सहनशक्तीवर विसंबूनच आजवरचे सगळे नकाशे काढले गेले. चार तास तो सोसतो, तर पाचही सोसेल, असे धरून शेलू आणि वांगणी गाठली गेली. पुढच्या वेळी कुणी स्वस्त घराची घोषणा करील तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी आपण सगळ्यांनी एकच विचारावे: दुसरा हप्ता किती तासांचा?